पांढऱ्या झाकणातली पिवळी रेघ

इथले अनुभव मी बरेच महिने वाचते आहे. निम्म्यांत अमावस्या असते, उरलेल्यांत पांढरी साडी... आणि सगळ्यांत मिळून एखादा तरी पिंपळ असतोच. वाचते, मनातल्या मनात हसते आणि झोपते. झोपही छान लागते, कारण या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. मी जन्मभर कॉलेजात केमिस्ट्री शिकवली. कारण नसलेलं काही नसतं, फक्त ते आपल्याला सापडलेलं नसतं — हे मी वर्गात इतक्या वेळा बजावलं आहे की माझे विद्यार्थी माझी नक्कल करताना हेच वाक्य म्हणायचे.

तर अशा बाईला सुद्धा एक अनुभव आहे. त्यात अमावस्या नाही, रात्रही नाही. भर दुपारी, पत्र्याच्या शेडमध्ये, प्लास्टिकची झाकणं काढताना घडलेली गोष्ट आहे ही. माझ्या वडिलांचे डोळे जायचे होते, ते राहिले. कसे राहिले, हे मला आजवर कळलेलं नाही. पण आभार मानायला कारण कळावंच लागतं असं कुठे आहे? म्हणून लिहिते.

आम्ही बेंगळूरचे मराठी. किती पिढ्यांचे, ते घरात कोणालाच नीट सांगता यायचं नाही. "फौजेबरोबर आलो," असं थोरले मिशीवर हात फिरवून सांगायचे; फौजेत काय करायचो विचारलं की मिशीवरचा हात खाली यायचा आणि उत्तर मिळायचं, "कपडे रंगवायचो." घरात मराठी, दाराबाहेर कन्नड आणि उंबरठ्यावर दोन्हींची खिचडी. चिकपेटेच्या मागच्या एका गल्लीत आमचं घर होतं. आजोबांपर्यंत सगळे रंगारी. परसात दगडी चुली, त्यावर मोठाल्या कढया, वर दोरीवर ओली लुगडी. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. त्यांच्या तरुणपणी गिरणीचं रंगीत कापड सगळीकडे झालं आणि कढया थंड पडल्या. अण्णांनी दोनचार धंदे करून पाहिले, आणि मग एक दिवस — साल असेल बासष्टच्या आसपास — हातगाडीवर घालून एक लोखंडी धूड घरी आणलं. प्लास्टिकचं हातमशीन.

आजच्या मुलांना ते दाखवलं तर उसाचा चरक वाटेल. माणसाच्या उंचीचं, उभं. छातीच्या उंचीला एक जाड नळकांडं, त्याला वेढून विजेचा हीटर. नळकांड्याच्या वरच्या तोंडातून प्लास्टिकचा दाणा ओतायचा, तो आत वितळायचा. मग बाजूचा लांब दांडा अंगाचा भार टाकून खाली ओढायचा की दट्ट्या आत उतरायचा, आणि वितळलेला माल खालच्या नोझलमधून साच्यात जाऊन बसायचा. क्षणभर थांबायचं, दांडा वर करायचा, साचा उघडायचा, वस्तू काढायची. पुन्हा दाणा. दिवसभर हेच. पाहुणे विचारायचे, "अण्णा, यात काय काय होतं?" अण्णा म्हणायचे, "साचा असेल ते होतं. अक्कल सोडून सगळं."

मशीन नवं नव्हतं. चिकपेटेतल्या एका दलालानं ते मिळवून दिलं होतं. आधीचा मालक कोण, विचारलं तर, "धंदा बंद केला, गावी गेला," एवढंच. अण्णांनीही पुढे चौकशी केली नाही. त्यांना मशीन आवडलं होतं, आणि माणसाला वस्तू आवडली की तो प्रश्न कमी विचारतो.

परसातल्या चुली काढून तिथेच शेड घातली. कामाला अण्णा, शेजारच्या गल्लीतली गौरम्मा, आणि सुट्टीच्या दिवशी मी. गौरम्मा वस्तूंच्या कडेची जादा पापुद्री ब्लेडनं काढायची आणि मधूनमधून दांडाही ओढायची. तिचा हात दणकट होता आणि जीभही. आईचं काम आम्हाला वेळेवर जेवायला बोलावण्याचं, आणि आम्ही न गेल्यावर पत्र्यावर थाप मारण्याचं.

आता अण्णांची एक खोड सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. दांडा वर केला की ते नळकांड्याच्या तोंडावर वाकायचे. अगदी ओणवे. पितळी सळईनं आतला दाणा ढोसायचे, आत डोकावून बघायचे, कान लावून ऐकायचे. प्रत्येक वेळी. गरज काहीच नसायची. पण रंगाऱ्याचा मुलगा! कढईवर वाकून, वाफेत तोंड घालून रंग उतरला की नाही ते बघायचं, हे त्यांच्या हाडात होतं. आजोबा तसंच करायचे, पणजोबाही तसंच करत असणार. फरक एवढाच की कढईचं तोंड हातभर रुंद असतं आणि आतलं पाणी फार तर उकळतं.

"अण्णा, तोंड लांब ठेवा की! आत दोनशे डिग्री आहे," मी ओरडायची.

"दोनशे काय अन् तीनशे काय. वाकून बघितल्याबिगर रंग कळतो का? तुझा आजा वाफेत उभा राहून बघायचा."

"आजोबांची कढई उडायची नाही."

"हे पण उडत नाही. दाणा बोलतो, सुमा. ऐकायला कान लागतो."

"अण्णा, दाणा नाही बोलत. मी बोलते, आणि ते तुम्हाला ऐकू येत नाही."

यावर ते हसायचे आणि पुन्हा वाकायचे. मी तेव्हा बी.एस्सी.ला होते. बंद नळीत वाफ कोंडली तर काय होतं, ते पुस्तकात शिकले होते आणि प्रयोगशाळेत एकदा पाहिलंही होतं. अण्णा वाकले की मला तेच आठवायचं. त्यांची नजर म्हणजे गल्लीतलं नवल होतं. कापडाच्या दोन तुकड्यांत आम्हाला एकच लाल दिसायचा, ते म्हणायचे, "हा स्वल्प थकलेला आहे." ती नजर गेली असती तर अण्णांचं फारसं काही उरलं नसतं, असं मला आजही वाटतं.

त्या वर्षी एका औषधाच्या कारखान्याचं काम आलं. बाटल्यांची झाकणं, पांढरी. दुधासारखी स्वच्छ हवीत, ठिपका चालणार नाही, असं त्यांच्या माणसानं दोनदा सांगितलं. अण्णा खूश! दाण्यात पांढऱ्या रंगाची पूड टाकून डबा गदागदा हलवायचा, की झाला माल तयार. पहिले काही दिवस झाकणं अशी सुरेख आली की अण्णा येईल-जाईल त्याच्या हातात एक ठेवायचे. कॉफी द्यायला आलेल्या माणसालाही एक मिळालं.

आणि मग ती रेघ आली.

झाकणाच्या वरच्या सपाट भागावर, मधोमध, केसाइतकी बारीक पिवळी रेघ. अण्णांनी झाकण उजेडात धरलं. दुसरं काढलं. त्यातही तीच रेघ, त्याच जागी. तिसऱ्यातही.

आता यात घाबरण्यासारखं काहीच नव्हतं, हे आधी सांगते. या धंद्यात जुना रंग मशीनमधून सहजी जात नाही. लाल कंगवे काढून झाल्यावर पांढरं काही काढायला घेतलं तर पुढे कितीतरी वेळ गुलाबी छटा येत राहते. पण आमच्या मशीनमध्ये पिवळा रंग कधी पडलाच नव्हता. आम्ही काळी बटणं काढली, लाल कंगवे काढले, निळ्या बांगड्या काढल्या. पिवळं एकदाही नाही.

"दाणा जळतोय," मी माझं ज्ञान पाजळलं. जास्त तापलं की पांढरा माल पिवळट पडतो, हे खरं आहे.

अण्णांनी झाकण माझ्या नाकासमोर धरलं. "जळालेला पिवळा मळकट असतो. हा बघ की. हा केलेला रंग आहे. हळदीचा नाही, झेंडूचा नाही. लिंबाच्या सालीत स्वल्प लाल सोडला की येतो तो. कुणीतरी बसून, जीव लावून बनवलाय."

त्यांनी हीटर कमी केला. रेघ तशीच. रंगाची पूड फेकून नवी आणली, डबा घासला, दाण्याचं नवं पोतं फोडलं. तरी रेघ तशीच. शेवटी मशीन थंड करून नळकांडं उतरवलं, आतून तारेच्या ब्रशनं घासून लख्ख केलं, नोझल उघडून पाहिलं. पुन्हा जोडलं, तापवलं, दांडा ओढला — रेघ!

आईनं मीठ-मोहऱ्या काढल्या. अण्णा करवादले, "यंत्राची कसली दृष्ट काढतेस?" आणि तसं म्हणता म्हणता स्वतःच पुढे येऊन, डोळे मिटून तिच्यासमोर उभे राहिले.

पुढची गोष्ट गौरम्मानं पकडली. अण्णा जेवायला गेले असताना तिनं काही झाकणं काढून ठेवली होती. अण्णा आले, त्यांनी ती उचलून पाहिली. सगळी दुधासारखी पांढरी.

"गेली!" अण्णा ओरडले आणि उत्साहानं दांड्याला भिडले. पहिलंच झाकण निघालं, त्यात पिवळी रेघ.

गौरम्मा कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अय्यो अण्णा, मशीनला तुमच्यावर कोपा आलाय."

मला हसू आलं, आणि हसता हसता एकदम उत्सुकताही वाटली. कॉलेजात नुकतंच शिकवलं होतं — एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं. मी तसंच केलं. डबा एक, दाणा एक, साचा एक, हीटर एक. एकदा अण्णांनी ओढायचं, एकदा मी. माझं पांढरं, अण्णांचं पिवळ्या रेघेचं. माझं पांढरं, अण्णांचं रेघेचं. मी अण्णांना हात धुवायला लावले, साबणानं, कोपरापर्यंत. नखं तपासली. सदरा काढायला लावला. सळईला बंदी केली. शेवटी दाणासुद्धा मीच ओतला, त्यांनी फक्त दांडा ओढला. रेघ आलीच. मग गौरम्माला ओढायला लावलं. पांढरं.

पत्र्यावर थाप पडली, जेवणं गार झाली, पण कोणी हललं नाही. माझ्या मानेवर काटा आला होता. मी तो कोणाला सांगितला नाही, कारण काटा येण्याला आमच्या अभ्यासक्रमात जागा नव्हती.

अण्णा फार दुखावले. रंगाऱ्याच्या मुलाच्या हातून रंग बिघडावा, आणि तो फक्त त्याच्याच हातून!  शेवटी म्हणाले, "सरी, ठीक आहे. तुम्हीच ओढा." कोपऱ्यातलं स्टूल उचललं, शेडच्या दारात नेऊन ठेवलं आणि तिथे उजेडात झाकणं निवडत बसले. मशीनकडे पाठ करून! मोठा माणूस असा रुसलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

पुढचे काही दिवस असेच गेले. कॉलेजला सुट्टी होती, त्यामुळे मी आणि गौरम्मा आलटून पालटून दांडा ओढत होतो. झाकणं निर्मळ येत होती. अण्णा रोज सकाळी एकदा येऊन दांडा ओढून पाहायचे, रेघ बघायचे, ते झाकण खिशात टाकायचे आणि दारात जाऊन बसायचे.

त्या दुपारी दांडा माझ्या हातात होता. हे मी आजही डोळ्यांसमोर आणू शकते. बाहेर ऊन, अण्णा दारात पाठमोरे, गौरम्मा त्यांच्याजवळ खाली बसलेली. मी दांडा ओढला आणि तो अर्ध्यावरच अडला. अंगाचा भार टाकला, तरी खाली जाईना. साच्यात मालच उतरत नव्हता. म्हणून मी दांडा वर केला. मी बुटकी, दांड्याच्या टोकाला लोंबकळल्यासारखी लांब उभी असायची. वाकून बघायची मला सवय नव्हती, आणि बघायचं म्हटलं तरी माझी उंची पुरली नसती.

दट्ट्या नळकांड्यातून बाहेर आला मात्र, आणि बंदुकीच्या बारासारखा आवाज झाला. काहीतरी पांढरं सरळ वर उडालं. पत्र्यावर फट्‌ करून आपटलं. मग त्याचे कढत थेंब खाली ठिबकायला लागले. एक माझ्या मनगटावर पडला आणि मी किंचाळले.

अण्णा धावत आले. त्यांनी आधी माझा हात पाण्यात बुडवला, चेहरा दोन्ही हातांनी धरून इकडून तिकडून पाहिला, मग मुख्य खटका बंद केला. मला काही विशेष झालं नव्हतं. हे सगळं उरकल्यावर ते मशीनपाशी गेले आणि त्यांच्या नेहमीच्या जागी उभे राहिले. सवयीनं किंचित पुढे झुकले. आणि त्यांनी मान वर करून पाहिलं. पत्र्याला चिकटलेला वितळलेल्या प्लास्टिकचा गोळा बरोब्बर त्यांच्या डोक्यावर होता. तो वर गेला तेव्हा वाटेत त्यांचं तोंड असायला हवं होतं.

गौरम्मानं "अम्मा, ताये" म्हणत हात जोडले. अण्णा त्या गोळ्याकडेच बघत होते. शेवटी म्हणाले, "सुमा, मी असतो तर वाकलो असतो."

"हो अण्णा."

"दांडा अडला म्हटल्यावर तर नक्कीच वाकलो असतो."

मी रडायला लागले. आवाजानं आई धावत आली होती. तिला काय झालं ते कोणी सांगितलं नाही, तरी तिला सगळं कळलं आणि तिनं अण्णांचा हात घट्ट धरून ठेवला.

हे का झालं, ते मी सांगू शकते. नोझलमध्ये धातूचा एक बारीक तुकडा अडकला होता, बहुतेक साच्याचाच टवका. खालची वाट बंद, आत माल तापून वायू कोंडलेला. वरचं तोंड मोकळं झालं आणि सगळं वर उसळलं. यात अमानवीय काही नाही, कुठल्याही पुस्तकात सापडेल. नळकांड्याच्या तोंडावर अण्णांनी नंतर जाड लोखंडी झाकणी बसवून घेतली, आणि वाकणं कायमचं सोडलं. मशीन पुन्हा तापवलं त्या सकाळी अण्णांनी स्वतः दांडा ओढला. आम्ही सगळे श्वास रोखून उभे होतो. साचा उघडला. झाकण पांढरं होतं.

त्यानंतर ती रेघ कधीही आली नाही. ना त्यांच्या हातून, ना कोणाच्या.

माझ्यासारखीनं इथे हात जोडले असते आणि विषय संपवला असता. पण अण्णा रंगारी होते. त्यांना तो पिवळा सोडवेना. खिशातली रेघेची झाकणं घेऊन ते थेट त्या दलालाकडे गेले आणि म्हणाले, मशीन कोणाचं होतं ते सांग, नाहीतर मी इथून उठत नाही. दलालानं आढेवेढे घेतले, कॉफी पाजली, मग खाली बघून सांगितलं. मालक गावी-बिवी गेला नव्हता. बेंगळूरमध्येच, मल्लेश्वरमला राहत होता. मशीन अपशकुनी म्हणून कोणी घेणार नाही या भीतीनं दलालानं आम्हाला सांगितलं नव्हतं.

अण्णांबरोबर मीही गेले. लहानसं बैठं घर, पुढे तुळस, ओटीवर एक उंच, सडपातळ गृहस्थ ताठ बसलेले. सुब्बण्णा. चेहऱ्याच्या वरच्या भागावर भाजल्याच्या जुन्या खुणा, आणि दोन्ही डोळे मिटलेले.

माझे पाय ओटीच्या पायरीवरच थांबले.

"यारु?" त्यांनी विचारलं. कोण आहे?

अण्णांनी कन्नडमध्ये आपलं नाव सांगितलं, आणि म्हणाले, "तुमचं मशीन माझ्याकडे आहे."

सुब्बण्णा पटकन उभे राहिले. हात पुढे करून चाचपडत अण्णांच्या खांद्यापर्यंत आले, तिथून त्यांचा हात अण्णांच्या गालावर आणि मग डोळ्यांवर गेला. पापण्यांवरून बोटं फिरवून पाहिली. "दिसतं ना तुम्हाला?"

"दिसतं."

"दोन्हींनी?"

"दोन्हींनी."

त्यावर ते परत जागेवर बसले आणि बायकोला हाक मारून म्हणाले, "अगं, कॉफी टाक. मशीनचे मालक आलेत. डोळे शाबूत आहेत."

मग त्यांनी सगळं सांगितलं. तेही वाकायचे. त्यांना कोणा रंगाऱ्यानं शिकवलं नव्हतं, पण त्यांनाही दाण्याचा आवाज ऐकायची हौस होती. पोरांसाठी भोवरे काढायचे, आणि रंग स्वतः घोटायचे. डोळे गेले त्या दिवशीही दांडा अडला होता. त्यांच्या पत्नीनं आतून एक पिवळा भोवरा आणून अण्णांच्या हातात दिला. अण्णांनी तो दारापाशी उजेडात नेला, खिशातलं झाकण काढलं आणि रेघ भोवऱ्याला लावून धरली. मी मागून वाकून पाहिलं. मला रंगातलं फार कळत नाही. पण ते दोन रंग वेगळे आहेत, असं मलाही म्हणता आलं नसतं.

"पिवळा कसा करायचात?" अण्णांनी विचारलं. 

"लिंबाच्या रंगात चिमटीभर लाल. डोळे गेले तेव्हा साच्यात तोच होता. शेवटचं पाहिलं ते तेच. बाकी सगळं आता विसरत चाललोय, बायकोचा चेहरासुद्धा. तेवढा रंग मात्र जात नाही."

मग ते म्हणाले, घरात मशीन नसलं तरी खंडेनवमीची आयुधपूजा ते चुकवत नाहीत. जवळ उरलेली पितळी सळई पाटावर ठेवतात, पत्नी तिला हळद-कुंकू लावते, फूल वाहते. आणि ते हात जोडून एकच मागतात. मशीन कोणाकडे गेलं ते मला ठाऊक नाही, पण तिथे जो कोणी वाकून बघत असेल, त्याला बाजूला कर.

 अण्णांना कधी कोणाच्या पाया पडताना मी पाहिलं नव्हतं. देवालासुद्धा ते उभ्यानंच नमस्कार करायचे. ते खाली बसले आणि सुब्बण्णांचे दोन्ही हात उचलून त्यांनी आपल्या डोळ्यांवर ठेवले. तसेच धरून ठेवले. अण्णा रडत होते आणि सुब्बण्णांच्या बोटांना ते ओलं लागत होतं.

"रडता कशाला?" सुब्बण्णा म्हणाले. "बघायला दिलेत ते. बघा."

त्यानंतरची आयुधपूजा आमच्या शेडमध्ये झाली. मशीनला झेंडूच्या माळा, केळीचे खुंट, दारात कोहळा फोडलेला. त्या दिवशी मशीनला काम सांगत नाहीत. दुसऱ्या दिवशी, विजयादशमीला, पहिला दांडा सुब्बण्णांनी ओढावा असा अण्णांनी हट्ट धरला. ते आधी नको नको म्हणाले. मग अण्णांनी त्यांना हाताला धरून दांड्यापाशी नेलं, आणि ते लोखंडावरून तळहात फिरवत कितीतरी वेळ उभे राहिले. झाकणी लावली आहे ना, ते त्यांनी स्वतः चाचपून पाहिलं. मगच दांडा ओढला.

अण्णांनी साचा उघडून झाकण काढलं.

"कुठला रंग आला?" सुब्बण्णांनी विचारलं.

अण्णांनी ते उजेडात धरलं, उलटं केलं, सुलटं केलं, अगदी सावकाश पाहिलं. "पांढरा."

"नुसता पांढरा?"

"नुसता. दुधासारखा. स्वतःच्या डोळ्यांनी बघून सांगतोय."

सुब्बण्णा हसले, आणि ते झाकण त्यांनी खिशात टाकलं.

आता माझ्याकडून कारण मागू नका. जुना रंग नळकांड्याच्या कुठल्या तरी फटीत राहिला असेल, असं मी स्वतःला समजावून पाहिलं. पण मग तो फक्त अण्णांच्याच हातून का उमटावा, आणि नळकांडं घासून काढल्यावरही का यावा, आणि त्या दुपारनंतर एकदम का थांबावा? हा प्रश्न मी नावं न सांगता माझ्या एका प्राध्यापकांनाही विचारला होता. ते म्हणाले, तुमच्या प्रयोगात काहीतरी चूक झाली असणार. असेल. मी ती चूक आयुष्यभर शोधली आणि मला ती सापडली नाही. अण्णांनी मात्र माझं लग्न पाहिलं, माझ्या मुलीला पहिल्यांदा हातात घेऊन तिच्या अंगड्याला "स्वल्प थकलेला गुलाबी" म्हणून नावं ठेवली, आणि अगदी शेवटपर्यंत सुईत दोरा ते स्वतःच ओवायचे.